प्लॅस्टिकचं वेष्टन कसं तयार होतं आणि आतला माल कसा सांभाळतं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

पॅकेजिंगच्या कामात नव्याने आलेला माणूस बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न विचारतो, "सगळ्यात चांगलं प्लॅस्टिक कुठलं?" सरसकट चांगलं असं प्लॅस्टिक नसतंच. एक जात पाण्याची वाफ उत्तम अडवते, पण ऑक्सिजन तिच्यातून बिनदिक्कत आरपार जातो. दुसरी ऑक्सिजनला हलूही देत नाही, पण स्वतः ओलसर झाली की तिचं बळ संपतं. त्यामुळे सुरुवात मालापासून करायची. प्लॅस्टिक कुठलं, किती थरांचं, त्याला आकार कसा द्यायचा, सील कसं करायचं, हे सगळं त्यानंतर ठरतं.

पायरी १: माल कशाने बिघडतो ते लिहून काढा

हे खरोखर कागदावर लिहा. ओलावा, ऑक्सिजन, उजेड, बाहेरचे वास, जंतू, धक्के आणि दाब, एवढी यादी बहुतेक मालाला पुरते. मग त्यातले एक-दोन मुख्य शत्रू ठरवा.

चिप्सना दोन शत्रू असतात. ओलाव्याने त्या मऊ पडतात आणि ऑक्सिजनने त्यांच्यातलं तेल खवट होतं. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळीला ऑक्सिजनचं काही वाटत नाही, पण हवेतला ओलावासुद्धा तिची प्रक्रिया सुरू करून देतो. दुधाला उजेडाचा त्रास होतो: त्यातलं रायबोफ्लेविन प्रकाश शोषतं आणि चव बिघडते. म्हणून दुधाच्या काही बाटल्या पांढऱ्या, अपारदर्शक असतात आणि काहींमध्ये आतून काळा थर दिलेला असतो.

नवखे दोन गोष्टी हमखास विसरतात. पहिली, आतलं काही बाहेर जाणं. कॉफीचा सुगंध, सोड्यातला कार्बन डायऑक्साइड, क्रीममधलं पाणी हे सगळं वेष्टनातून हळूहळू निसटत असतं. दुसरी, माल स्वतःच वेष्टनावर हल्ला करतो. द्रवरूप साबणाने पॉलिथिलीनच्या बाटलीला ताण असलेल्या जागी बारीक तडे जाऊ शकतात. संत्र्या-लिंबाच्या तेलातलं लिमोनीन पॉलिथिलीनमध्ये शोषलं जातं आणि रसाचा स्वाद फिका होतो.

ताज्या भाज्या आणि फळं यांचा हिशेब वेगळाच. तोडल्यानंतरही ती श्वास घेत असतात. त्यांना हवाबंद केलं तर आतला ऑक्सिजन संपतो आणि माल आंबतो. त्यांच्या पिशवीला मुद्दाम बारीक छिद्रं ठेवतात किंवा वायू बेताने जाऊ देणारी फिल्म वापरतात. जास्तीत जास्त अडवणारं वेष्टन म्हणजे जास्तीत जास्त चांगलं, हा समज इथेच सोडून द्या.

पायरी २: मोजक्या पाच-सहा प्लॅस्टिकशी ओळख करून घ्या

पॉलिथिलीन १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांच्या हाती जवळजवळ अपघातानेच लागलं. वायू प्रचंड दाबाखाली ठेवल्यावर भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला होता. त्यातून आलं ते एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिलीन: मऊ, लवचिक आणि सहज सील होणारं. १९५३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्या उत्प्रेरकाने कमी दाबावर एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलीन, बनवणं शक्य झालं. ते जास्त कडक आणि दाट असतं. पुढच्याच वर्षी जूलिओ नाटा यांनी त्याच वाटेने पॉलिप्रोपिलीन घडवलं. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून देण्यात आलं. पीईटी १९४१ चं, व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांचं; आधी धाग्यासाठी आणि कितीतरी वर्षांनी बाटल्यांसाठी वापरलं गेलं. यांच्या जोडीला नायलॉन आणि ईव्हीओएच (इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल) ही दोन नावं लक्षात ठेवा. ती बहुधा बाहेरून दिसत नाहीत, मधल्या थरात काम करतात.

हाताशी असलेल्या तुकड्यांची जात ओळखायची एक सोपी चाचणी आहे. एका भांड्यात पाणी घ्या, दोन थेंब साबण घाला आणि तुकडे बुडवून हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाका. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन वर तरंगतात, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी असते. पीईटी, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन तळाला जातात. बाटली पीईटीची आणि झाकण पॉलिप्रोपिलीनचं किंवा एचडीपीईचं असेल, तर दोन्ही कापून टाका. फरक लगेच दिसेल. पुनर्चक्रणाच्या कारखान्यांत बाटल्या आणि झाकणांचा चुरा याच तत्त्वावर वेगळा करतात.

आता अडवण्याच्या ताकदीचे आकडे. २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीच्या एक चौरस मीटर एलडीपीई फिल्ममधून दिवसाला काही हजार घनसेंटिमीटर ऑक्सिजन जातो. तेवढ्याच पीईटीमधून शंभराच्या आत जातो. कोरड्या ईव्हीओएचमधून एक घनसेंटिमीटरही नाही. पाण्याच्या वाफेचा क्रम मात्र वेगळा लागतो: तिथे पॉलिप्रोपिलीन आणि एचडीपीई चांगले, आणि नायलॉन बरंच सैल. ईव्हीओएच दमट झालं की ऑक्सिजनही जाऊ देतं, म्हणून त्याला नेहमी दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनच्या थरांमध्ये झाकून ठेवतात.

हे आकडे कामाला कसे लावायचे ते एका हिशेबाने बघू. समजा १०० ग्रॅम भुकटी आहे आणि २ ग्रॅमपेक्षा जास्त ओलावा शिरला की तिचे गोळे होतात. पाऊच १० बाय २० सेंटिमीटरचा आहे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ०.०४ चौरस मीटर. फिल्ममधून चौरस मीटरमागे दिवसाला ५ ग्रॅम वाफ जात असेल, तर पाऊचमध्ये रोज ०.२ ग्रॅम ओलावा शिरणार आणि १० दिवसांत माल हातचा गेला. हाच दर ०.५ ग्रॅम असेल तर १०० दिवस मिळतात. फिल्मच्या माहितीपत्रकातले दर बहुधा ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. कमी उष्ण, कोरड्या जागी माल याहून जास्त टिकेल. तरीही पुरवठादाराशी बोलायला बसण्याआधी हा हिशेब करून ठेवाच. "जरा जाड फिल्म द्या" म्हणण्यापेक्षा "मला इतक्या दराची फिल्म हवी" म्हणणाऱ्याचं काम नीट होतं आणि पैसेही वाचतात.

पायरी ३: दाण्यांपासून फिल्म

प्लॅस्टिक कारखान्यात दाण्यांच्या रूपात येतं. हे दाणे आणि मास्टरबॅच, म्हणजे रंग मिसळलेले दाणे, वरच्या हॉपरमधून एक्स्ट्रुडर या वितळवणाऱ्या यंत्राच्या बॅरलमध्ये पडतात. आतला स्क्रू फिरताना दाणे पुढे ढकलतो, दाबतो, घुसळतो. बाहेर हीटर असतात खरे, पण वितळण्यासाठी लागणारी बरीचशी उष्णता या घर्षणातूनच येते. पुढे जाळीतून गाळून वितळलेला माल डायपाशी, म्हणजे आकार देणाऱ्या तोंडापाशी, पोचतो.

फुग्याच्या पद्धतीत डाय गोल, कडीसारखी असते. तिच्यातून नळीच्या आकाराचं वितळलेलं प्लॅस्टिक वर चढतं, आत हवा भरून तिचा मोठा फुगा करतात आणि बाहेरून गार हवेचा झोत देतात. डायपासून काही अंतरावर फुग्याचा चकाकता, पारदर्शक भाग अचानक धुरकट होतो. ही गोठण्याची रेषा. मशिनवर नवीन आलेल्याने आधी ही रेषा बघायला शिकावं. ती वरखाली होत असेल किंवा तिरकी दिसत असेल, तर थंडावा सगळीकडून सारखा मिळत नाही आणि जाडीही सारखी येणार नाही. वर रोलर फुगा चपटा करतात आणि फिल्म रिळावर गुंडाळली जाते. फुगा उभा आणि आडवा दोन्हीकडे ताणला गेल्याने फिल्मला दोन्ही दिशांना ताकद येते.

दुसरी पद्धत कास्टची. सपाट फटीतून पडदा खाली येतो आणि थंड रोलरवर झटकन गोठतो, त्यामुळे फिल्म जास्त पारदर्शक आणि एकसारख्या जाडीची होते. तिसरी म्हणजे बीओपीपी: पॉलिप्रोपिलीनचा जाड पत्रा आधी लांबीत आणि मग कडा चिमट्यांत धरून रुंदीत कित्येक पट ताणतात. कुरकुरीत आवाजाची, चमकदार पाकिटं बहुतेक याचीच.

या टप्प्यावर एक गोष्ट हटकून बिनसते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनच्या पृष्ठभागावर शाई किंवा गोंद धरत नाही. म्हणून फिल्मवर विजेच्या ठिणग्यांचा झोत सोडतात, याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. पृष्ठऊर्जा (ती डाइनमध्ये मोजतात; जितकी जास्त, तितकी शाई नीट पसरते) ३० डाइनच्या आसपासवरून ३८ च्या वर गेली पाहिजे, आणि डाइन पेनाची रेघ ओढून ती दोन सेकंदांत तपासता येते. हा परिणाम दिवसागणिक ओसरतो. गोदामात बरेच दिवस पडलेलं रीळ छपाईला घेण्याआधी पुन्हा रेघ ओढून बघा.

पायरी ४: थरावर थर

साधा पाऊच कात्रीने कापा आणि कडेला नखाने खरवडून थर सुटतात का बघा. बाहेरून बहुधा १२ मायक्रॉनचं पीईटी निघेल, त्याच्या आतल्या बाजूला उलटी छपाई असेल, म्हणजे शाई घासली जाऊन निघत नाही. मध्ये चांदीसारखा थर आणि सगळ्यात आत पॉलिथिलीन. बाहेरचा थर ताकद आणि चकाकी देतो, मधला अडवतो, आतला सील होतो. एकाच फिल्मने ही तिन्ही कामं नीट होत नाहीत.

तो चांदीसारखा थर दोन प्रकारचा असतो आणि माल घेताना फरक ओळखता आला पाहिजे. मेटलाइज्ड फिल्ममध्ये निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमची वाफ करून फिल्मवर बसवतात. हा थर जेमतेम काही दहा नॅनोमीटरचा असतो (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). फॉइल म्हणजे प्रत्यक्ष धातूचा पत्रा, साधारण ७ ते ९ मायक्रॉनचा. तुकडा तीव्र दिव्यासमोर धरा: मेटलाइज्डमधून दिव्याचा अंधुक उजेड दिसतो, फॉइलमधून दिसत नाही. घडी घालून सोडा: मेटलाइज्ड परत उलगडतं, फॉइल घडी धरून ठेवतं. फॉइल जवळजवळ सगळंच अडवतं, पण वारंवार चुरगळलं की त्याला सूक्ष्म भोकं पडतात.

हे थर पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवतात, किंवा दोन फिल्मांमध्ये वितळलेलं पॉलिथिलीन ओतून. गोंदाचं लॅमिनेशन झालं की रीळ उबदार खोलीत ठेवून गोंद पुरता पक्का होऊ द्यावा लागतो. ऑर्डरच्या घाईत हा वेळ कापू नका. अर्धवट मुरलेल्या गोंदाचे थर नंतर सुटतात, आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनात न मुरलेला गोंद राहणं आरोग्याच्या दृष्टीनेही मान्य होण्यासारखं नाही.

पाऊचमध्येच १२१ अंशांवर निर्जंतुक करायचा माल असेल, तर आतला थर साध्या पॉलिथिलीनचा चालत नाही, कारण एलडीपीई ११० अंशांच्या आसपासच वितळतं. तिथे कास्ट पॉलिप्रोपिलीन घ्यावं लागतं.

बहुथरांची दुसरी बाजू मनापासून सांगावीशी वाटते. पीईटी, धातू आणि पॉलिथिलीन एकदा चिकटले की ते वेगळे करून पुन्हा वापरणं फार अवघड असतं. म्हणून शक्य तिथे सगळे थर एकाच कुळातले ठेवा: ताणलेलं पॉलिथिलीन बाहेर, सील होणारं पॉलिथिलीन आत आणि गरज असेल तर मध्ये ईव्हीओएचचा अगदी पातळ पडदा. पायरी २ मधला हिशेब इथे पुन्हा उपयोगी पडतो. ज्या मालाला शंभर दिवस पुरेत, त्याला दोन वर्षांचं वेष्टन देण्याचं काही कारण नाही.

पायरी ५: बाटली, डबा, झाकण

बाटली उलटी करून तिचा तळ बघा. मध्यभागी छोटा गोल ठिपका असेल, तर ती प्रीफॉर्मपासून, म्हणजे आधी घडवलेल्या जाड नळकांड्यापासून, फुगवलेली आहे. तळावर आडवी, सरळ शिवण असेल, तर ती नळीपासून फुगवलेली.

शिवणीची बाटली बहुधा एचडीपीईची. वितळलेल्या प्लॅस्टिकची नळी वरून लोंबते, साच्याचे दोन भाग तिच्याभोवती मिटतात, खालचं टोक चिमटलं जातं आणि हवा भरल्यावर प्लॅस्टिक साच्याला जाऊन चिकटतं. चिमटलेली ती जागाच सगळ्यात कमकुवत. बाटली पडून फुटली तर आधी तिथेच बघा.

पीईटीची वाट लांबची आहे. दाणे आधी १६०–१७० अंशांवर ४ ते ६ तास वाळवतात, ओलावा दशलक्ष भागांत ५० भागांच्याही खाली यावा म्हणून. ओले दाणे वितळवले तर पाण्याने साखळ्या तुटतात आणि बाटली ठिसूळ होते. जास्त तापवलं तर ॲसिटाल्डिहाइड तयार होऊन पाण्याला चव येते. वितळलेलं पीईटी साच्यात दाबून जाड नळकांड्यासारखा प्रीफॉर्म घडवतात; त्याच्या तोंडाचे आटे तेव्हाच अंतिम मापाचे झालेले असतात. पुढे तो सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून आतून सळईने लांबीत ताणतात आणि दाबाच्या हवेने रुंदीत फुगवतात. तीन-चार मिलिमीटरची भिंत कागदाइतकी पातळ होते, तरी ताणामुळे रेणू ओळीने लागतात आणि तीच भिंत कडक होते, वायूही जास्त अडवते. सोड्याच्या बाटलीच्या तळाला पाकळ्या असतात त्या आतल्या दाबाने तळ फुगून बाटली डगमगू नये यासाठी.

कप आणि ट्रे पत्र्यापासून होतात: पत्रा मऊ करून निर्वाताने साच्यात ओढतात. खोल कपाचे तळातले कोपरे पातळ राहतात, म्हणून नमुना हाती आला की तिथेच दाबून बघा. झाकणं इंजेक्शन मोल्डिंगची. झाकणाखालची तुटणारी कडी कुणी आधी उघडलं का हे सांगते. औषध आणि पाण्याच्या बाबतीत ती फार मोलाची.

पायरी ६: सील

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. अडवण्याचे सगळे आकडे फिल्मचे असतात, आणि सीलमधल्या एका केसाएवढ्या वाटेपुढे ते निरर्थक ठरतात. गळतीची तक्रार आली की मी फिल्मकडे बघण्याआधी सील बघते.

सील तीन गोष्टींवर उभं असतं: तापमान, वेळ आणि दाब. मशिनचा वेग वाढवला की वेळ कमी होतो, म्हणून तापमान वाढवावं लागतं. ते फार वाढवलं की बाहेरचा थर आक्रसतो किंवा सीलची आतली कड ठिसूळ होते. नव्या रिळावर तापमान पाच-पाच अंशांनी वाढवत नमुने काढा, प्रत्येकावर तापमान लिहा आणि हाताने उघडून बघा. थर अलगद सुटले तर सील कच्चं आहे. फिल्म ताणली जाऊन फाटली पण सील टिकलं, तर ते पक्कं. जिथे पक्कं सील सुरू होतं आणि जिथे फिल्म बिघडायला लागते, त्या दोन तापमानांच्या मधोमध मशिन लावा.

दुसरा शत्रू म्हणजे सीलच्या जागेत अडकलेला माल: भुकटी, तेलाचा थेंब, चुरा. भुकटी स्थिर विजेने फिल्मला चिकटते, म्हणून भरण्याच्या नळीजवळ आयोनायझर, म्हणजे ती वीज घालवणारं उपकरण, लावतात. शिवाय सील गरम असतानाच वरून माल पडत असेल, तर त्या क्षणी वजन पेलणारा आतला थर निवडावा लागतो.

पाऊचमध्ये नायट्रोजन भरायचा असेल तर तो सील होण्याच्या अगदी आधी. त्याने ऑक्सिजन हटतो आणि फुगलेलं पाकीट नाजूक माल चुरा होण्यापासून वाचवतं.

पायरी ७: धक्के आणि दाब

इथे थोडक्यात. मार सहन करण्याचं काम बहुतेक वेळा आत अडकवलेली हवा करते. थर्माकोलचे दाणे वाफेने फुगवलेले असतात आणि त्यांचा सुमारे ९८ टक्के भाग हवाच असतो. बुडबुड्यांची फिल्म १९५७ मध्ये आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी केली, मूळ विचार भिंतीवर चिकटवायच्या कागदाचा होता. वस्तू जड असेल तर मोठे बुडबुडे घ्या आणि वस्तू खोक्यात हलणार नाही इतकं भरा. पॅलेटवर रचलेल्या खोक्यांना ताणून गुंडाळायची फिल्म खालच्या लाकडी पाटापर्यंत आली पाहिजे, नाहीतर वळणावर ढीग सरकतो.

पायरी ८: पाठवण्याआधी तपासा

भरलेला पाऊच पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडे जिथून येतील तिथे गळती. रिकाम्या पाऊचमध्ये साबण घातलेलं रंगीत पाणी सीलच्या कडेने फिरवा आणि बाहेरून शोषक कागद लावा, बारीक वाट रंगाने उघडी पडते. भरलेलं खोकं कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट बाजूवर पाडून बघा. खाद्यपदार्थ असेल तर वेष्टनातून पदार्थात काय उतरतं याचा प्रयोगशाळेचा अहवाल पुरवठादाराकडून मागा, आणि तो तुमच्याच जातीच्या मालासाठी आहे ना, तेलकट, आंबट की कोरडा, ते वाचून घ्या.

शेवटी प्रत्येक खेपेतले काही नग तारीख आणि रिळाचा नंबर लिहून बाजूला ठेवा. काही साध्या खोलीत, काही उष्ण आणि दमट कपाटात. दर ठरावीक दिवसांनी एक उघडा, वजन करा, वास घ्या, सील ओढून बघा आणि वहीत नोंदवा. पायरी २ मध्ये काढलेल्या दिवसांशी ही नोंद जुळत नसेल, तर आधी सील पुन्हा तपासा आणि मगच फिल्म बदलण्याचा विचार करा.